काळ्या पायांची टिटवी

पक्षी ओळखताना माणूस चुकतो. मीही शंभरदा चुकलोय, त्याची लाज वाटत नाही. पण ही गोष्ट तसल्या चुकीची नाही. मी खोटं बोललो त्याची आहे. आणि नंतर तीन आठवडे त्या खोट्यालाच चूक म्हणत फिरलो, त्याचीही आहे.

मी योसेफ भिंगारदिवे. कर्जतला एस.टी. स्टँडच्या मागं माझा फोटो स्टुडिओ आहे. पासपोर्ट फोटो, लग्नाची शूटिंग, फ्रेम. दहावीला दोनदा बसलो, दोनदा नापास. पक्षी शिकलो ते रद्दीत मिळालेल्या, मुखपृष्ठ फाटलेल्या इंग्रजी पुस्तकावरून. शेजारी डिक्शनरी उघडी ठेवायची आणि एकेक ओळ फोडायची. नऊ वर्षं झाली. हिवाळ्यात पुण्याकडचे लोक तोफेएवढे कॅमेरे घेऊन आमच्या माळांवर येतात. त्यांच्या ट्रायपॉडच्या पिशव्या मी वाहिल्यात. माझं नाव त्यांनी कधी विचारलं नाही. "ए लोकल, त्या बाभळीत काय हललं बघ रे." मी बघायचो, सांगायचो, आणि ते मोबाईलवर खात्री करून घ्यायचे. बरोबर निघालं की गप्प. चुकलं की हसायचे.

हे मी कीव यावी म्हणून सांगत नाही. मला त्या माणसांचा राग होता, आजही आहे. पण पुढं मी जे केलं ते त्यांच्याकडूनच शिकलो होतो, एवढं कळावं म्हणून सांगतोय.

मागच्या हिवाळ्यात सोनाळवाडीच्या गायरानावर सोलरच्या प्लेटा टाकायचं ठरलं. तीनशे एकर मुरमाड माळ. मेंढ्यांनी चरून चरून गवत कातरल्यासारखं बोटभर ठेवलेलं. पैसे लावणारी बँक परदेशातली. तिची अट अशी की जागेवर कुठला दुर्मिळ पक्षी नाही ना, ते बघून लेखी द्या. फारच दुर्मिळ काही निघालं तर जागा बदलावी लागणार. त्या पाहणीला पुण्याहून पंकजा मॅडम आल्या. तिशीतल्या, साध्या, उन्हानं रापलेल्या. त्यांचा अभ्यास झाडा-गवताचा. पक्ष्यांसाठी इथला माणूस पाहिजे म्हणून त्यांनी मला बोलावलं. पहिल्या दिवशी मी सवयीनं जीपच्या मागच्या बाकाकडं वळलो तर म्हणाल्या, "पुढे बसा ना, योसेफ सर."

सर. बेचाळीस वर्षांत मला कुणी सर म्हटलं नव्हतं. दारू मी पीत नाही, पण चढत असेल तर अशीच चढत असेल.

दोन दिवस सगळं नेहमीचंच सापडलं. तिसऱ्या दिवशी सकाळी माळाच्या उंचवट्यावर रंगुबाई भेटली. धनगराची बाई, साठी ओलांडलेली, शे-सव्वाशे मेंढरं, हातात काठी. तिच्या नातीच्या लग्नाचे फोटो मीच काढले होते.

"काय फोटूवाल्या, आज गाडीतनं? माळावर कुनाचं लगीन काडलंय?"

"मावशी, पाखरं मोजतोय."

"मोजून काय करनार? बाजारात नेनार?"

पंकजा मॅडम हसल्या. मला ते आवडलं नाही. मी जरा आवाज चढवून विचारलं, "नेहमीचं सोडून वेगळं काही पाखरू दिसतं का इथं?"

"दिसतं की. मुकी टिटवी."

"मुकी?"

"आपली टिटवी कशी, मानूस दिसला की बोंबलत सुटती. ही बोंबलत न्हाई. मेंढरामागं गप फिरती, खुरांनी उकारलेलं किडं टिपती. थंडी पडली की येती, ऊन चटकाय लागलं की जाती. ती बघ की, त्या मुंडी मेंढीच्या मागं."

मी दुर्बीण लावली. टिटवीच होती, तेवढीच उंच, पण अंगानं मातकट. डोक्यावर गडद टोपी, टोपीखाली पांढरी पट्टी. पाय काळे.

इथं थोडं सांगावं लागेल. आमच्याकडं बाराही महिने राहणाऱ्या टिटव्या दोन. एक नेहमीची, लाल चोचीची. दुसरी माळटिटवी, तिच्या डोक्यावर काळी टोपी आणि चोचीजवळ पिवळी गाठ लोंबते. दोघींचे पाय पिवळे. काळ्या पायांची टिटवी आपल्यातली नाहीच. ती माझ्या पुस्तकात एका कोपऱ्यात आहे, इंग्रजीत सोशिएबल लॅपविंग. कझाकस्तानच्या गवताळ मैदानातून हिवाळ्याला इकडं उतरते. सगळ्या जगात थोडकी उरलीय. त्या चित्राशेजारी मी कधीतरी पेन्सिलनं लिहून ठेवलं होतं, 'आपल्याला नाही दिसायची.'

"माळटिटवी," मी म्हणालो.

"पाय काळे दिसतायत ना पण?" मॅडम म्हणाल्या.

"चिखल आहे तो. खालच्या काळ्या रानात उसाला पाणी चालू आहे, तिथनं आलीय. पाय भरलेत."

असं होतं, हे खरं आहे. काळ्या मातीतून चालून आलेल्या टिटवीचे पाय काळे दिसतात. त्याच्यावर फसून नाचलेले दोन मोठे कॅमेरेवाले मी डोळ्यांनी बघितलेत, आणि त्यांच्या पाठीमागं पोटभर हसलोय. आपण तसं फसायचं नाही, हे माझ्या डोक्यात पक्कं बसलेलं.

रंगुबाई कमरेवर हात ठेवून हसायला लागली. "आरं बाबा, ह्या माळाला काळी हाय का कुटं? समदा मुरूम. चिकूल दाव मला, मी त्यात लोळून दावते! आन ही तर वर्सानुवर्सं अशीच येती. दर साली पाय भरवून येती व्हय? तुज्या पुस्तकात पाय धुवून बघायचं लिवलं न्हाई का?"

जीपचा ड्रायव्हर खिदळला. पंकजा मॅडमनी तोंडावर ओढणी धरली.

तेवढ्यात मेंढी पुढं सरकली आणि ती उडाली. पंखाची मागची अर्धी बाजू पांढरीशुभ्र, टोकं काळी. माळटिटवीच्या पंखात पांढरं असतं, पण एक पट्टा. एवढं नाही. मी ते दुर्बिणीतून बघितलं, ऊन माझ्या पाठीमागं होतं. त्या क्षणी मला कळलं होतं. परत लिहितो, म्हणजे मला पळता येणार नाही. त्या क्षणी मला कळलं होतं.

"योसेफ सर, नक्की ना?" मॅडमनी वही उघडली. "तुम्ही म्हणाल ते लिहिते."

आता 'थांबा, मावशीचं बरोबर आहे' एवढं बोलायचं होतं. पुरते पाच शब्दही नाहीत. पण ड्रायव्हर अजून हसत होता. आणि सर म्हणवून घेणाऱ्याला मेंढरं राखणारी बाई शिकवणार, ते माझ्या घशाखाली उतरेना.

"लिहा माळटिटवी," मी म्हणालो. "ही लोकल माणसं, मॅडम. यांना पक्ष्यातलं काय कळतंय."

लोकल. माझ्या तोंडून.

रंगुबाईनं ते ऐकलं. तिचं हसू थांबलं. "असंल बाबा," ती म्हणाली. "तुमच्या कागदात जी असंल ती असंल." आणि मेंढरांना हाळी देत उताराला लागली. मी मान खाली घालून कॅमेऱ्यात बघत राहिलो. उडायच्या आधी सवयीनं पाच-सहा फोटो काढले होते. ते तसेच ठेवून दिले.

फेब्रुवारी लागल्यावर मॅडमनी अहवालाची प्रत पाठवली. त्यात एका पानावर छापलेलं, 'स्थानिक पक्षीतज्ज्ञ : श्री. योसेफ भिंगारदिवे.' मी त्या पानाची चांगल्या कागदावर प्रिंट काढली आणि स्टुडिओच्या काउंटरच्या काचेखाली सरकवली. गिऱ्हाईक पासपोर्ट फोटोची वाट बघत उभं राहिलं की ते वाचायचं.

स्टेला, माझी बायको, स्टुडिओत कॉम्प्युटरवर बसते. लोकांच्या तोंडावरचे मुरूम-डाग काढणं, मागचा पडदा निळा करणं, हे काम तिचं. तिला पक्ष्यांत काडीचा रस नाही. ती म्हणाली, "नुसतं नाव काय ठेवलंस, शेजारी एखादा पक्षी लाव." आणि त्या पाहणीचे फोटो उघडून बसली.

"ही कोण रे?"

"माळटिटवी."

"ही शेजारच्या फोल्डरमधली पण माळटिटवी?"

"हो."

ती दोन्ही फोटो शेजारी ठेवून मोठे करत गेली. "मग हिची ती पिवळी गाठ कुठंय?"

"बाजू वळलेली असेल."

"सहा फोटो आहेत योसेफ. दोन्ही बाजू आहेत. आणि हे बघ, ह्या पांढऱ्या भुवया मागं मानेवर येऊन जुळतायत, शाळेतल्या पोरीच्या रिबिनीसारख्या. तिच्या तशा नाहीत." ती उठली आणि पुस्तक घेऊन आली. पानं उलटत त्या कोपऱ्यातल्या चित्रावर थांबली. माझं पेन्सिलचं वाक्य मोठ्यानं वाचलं, "'आपल्याला नाही दिसायची.' दिसली की!" ती खूश झाली होती. मग माझ्याकडं बघितलं आणि तिचा चेहरा बदलला.

"तुला माहीत होतं."

"तेव्हा नव्हतं. चूक झाली."

"माझ्याकडं बघून बोल."

मी बघितलं नाही. सगळं सांगितलं, रंगुबाईचं हसणं, चिखल, पंख, लोकल. तिनं पुस्तक मिटलं. मग म्हणाली, "आत्ता फोन लाव मॅडमला."

"उद्या लावतो."

उद्या लावला नाही. परवा लग्नाची शूटिंग होती. पुढच्या आठवड्यात मॅडमचाच फोन आला. मार्चमध्ये अकोले तालुक्यातल्या डोंगरात पाहणी आहे, पक्ष्यांना तुम्हीच पाहिजे, येणार ना सर? फोन माझ्या कानाला होता, मॅडम पलीकडं होत्या, बोलायला मोकळं मैदान होतं. मी म्हणालो, "येतो की." फोन ठेवला तर स्टेला दारात उभी.

दर रविवारी चर्चमध्ये आम्ही सगळे मिळून पापांगीकाराची प्रार्थना म्हणतो. त्या तिन्ही रविवारी मी खणखणीत आवाजात म्हटली. सगळ्यांबरोबर म्हणायला ती सोपी जाते. पाप कसलं ते सांगावं लागत नाही.

फेब्रुवारीच्या शेवटी, एका गुरुवारी, सोनाळवाडीत ग्रामसभा लागली. अहवाल वाचायचा आणि जागेचा ठराव घ्यायचा. तज्ज्ञ म्हणून मलाही बोलावणं होतं. निघताना स्टेलानं एक पाकीट माझ्या हातात ठेवलं. आत फोटोची मोठी प्रिंट. "हे बाहेर न काढता परत आलास," ती म्हणाली, "तर तिथं काय झालं ते मला सांगू नकोस."

सभा शाळेच्या पटांगणात होती. दीडदोनशे माणसं. पंकजा मॅडमनी अहवाल वाचला. झाडं, गवत, ससे, कोल्हे. "अतिदुर्मिळ पक्षी एकही आढळला नाही."

बायकांच्या बाजूनं आवाज आला. "आन मुकी टिटवी?"

सरपंच गोरक्षनं कपाळाला हात लावला. "रंगुमावशे, पाखरांचा निकाल तज्ज्ञांनी दिलाय. ते बसल्यात बघ हितं, खुर्चीत."

"त्यालाच इचारते. काय रं फोटूवाल्या, धुतलं का मग पाय तिचं?"

पटांगण हसलं. मी उठलो. पाकीट ओलं झालं होतं, घामानं.

"धुवायची गरज नव्हती," मी म्हणालो. "पाय काळेच होते. मावशी बरोबर होती. ती फार दुर्मिळ टिटवी आहे, आणि अहवालात मी खोटं सांगितलंय."

हसू एकदम बंद झालं. गोरक्ष सावकाश खुर्चीवरून उठला. "म्हंजी तवा खोटं बोल्लास का आत्ता बोलतुयस?"

"तेव्हा."

"का?"

मला सर म्हटलं म्हणून, हे दोनशे माणसांत कसं सांगणार? "रागानं," मी म्हणालो.

"कुनाच्या रागानं?"

मी पाकिटातून प्रिंट काढून पंकजा मॅडमपुढं धरली.

"आसं बघ योसेफ," गोरक्ष म्हणाला. तो ओरडत नव्हता, ते जास्त वाईट होतं. "ह्या प्लेटा आल्या तर आमाला दिवसा लाईट मिळंल. रातचं उसाला पानी द्यायला दारं धरताना माजा भाऊ साप चावून गेला. तू येनार, तवा येक सांगनार, आता येक. आमी तुज्या कंच्या तोंडाचं आयकायचं?"

पंकजा मॅडमनी प्रिंट हातात घेतली होती. मोबाईलवर काहीतरी शोधून शेजारी धरलं. त्यांचा चेहरा उतरला. "तुम्हाला मी फोन केला होता," त्या म्हणाल्या. "तेव्हा का नाही बोललात?" सर नाही म्हणाल्या. "या फोटोवर तुमची सही चालणार नाही आता. अहवालात तुमचंच नाव वेगळं सांगतंय. मला स्वतः बघावी लागेल. चला, आत्ता माळावर जाऊ."

पाच-सात माणसं जीपकडं निघाली. रंगुबाई जागची हलली नाही.

"जावा," ती म्हणाली. "माळ हाय तितंच. ती न्हाई. ऐतवारी गेल्या. पाची गेल्या."

"पाच?" मी म्हणालो.

"पाच हुत्या. तू येक बघितली आन गाडीत बसलास."

आम्ही तरी गेलो. दुपारपर्यंत तो माळ पायी तुडवला. ऊन चटकायला लागलं होतं, मुरूम तापला होता. दोन साध्या टिटव्या आमच्या डोक्यावर ओरडत घिरट्या घालत राहिल्या, त्यांचे पाय पिवळेधमक. मी तीन आठवडे आधी बोललो असतो तर मॅडमना पाच दिसल्या असत्या, एका नजरेत. त्यांनी वहीत लिहिलं, 'एक नोंद, अपुष्ट.' परत आल्यावर हात वर झाले आणि जागेचा ठराव मंजूर झाला. परतीच्या वाटेवर मी आपणहून मागच्या बाकावर बसलो. मॅडमनी ड्रायव्हरला निघायला सांगितलं. अकोल्याचं त्यांनी परत कधी काढलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी एक कागद तयार केला. त्या बँकेच्या नावानं अर्ज, जोडीला फोटो. वाटलं, पुष्टी नसली तरी खरं काय ते लेखी राहील. त्यात सगळ्यात वर रंगुबाईचं नाव टाकलं आणि स्टुडिओतलं शाईचं पॅड खिशात घालून माळावर गेलो. माळावर मोजणीसाठी चुन्याच्या फक्कीच्या पांढऱ्या रेघा मारायला सुरुवात झाली होती. मेंढरं त्या रेघांवरूनच चरत होती.

रंगुबाई बाभळीच्या सावलीत बसलेली. मी म्हणालो, "मावशी, चुकलं माझं."

"चुकलं न्हाई," ती म्हणाली. "बोल, काय आनलंस?"

मी वाचून दाखवलं. "'सर्वप्रथम पाहिली : रंगुबाई कोकरे, मेंढपाळ.'"

"आन खाली?"

"'फोटो व ओळख : योसेफ भिंगारदिवे.'"

"वळख तुजी व्हय?"

मी पेन काढून 'ओळख' खोडलं, तिच्या नावापुढं लिहिलं. आता माझ्या नावापुढं काय लिहायचं? बराच वेळ पेन धरून बसलो. मग लिहिलं, 'ओळखून नाकारली.'

"काय लिवलंस?"

वाचून दाखवलं. तिनं मान हलवली. मी पॅड उघडून पुढं केलं. तिनं अंगठा पुढं आणला आणि थांबली.

"ह्येनं माळ ऱ्हाईल का?"

खोटं बोलायची सवय अशी असते की तेव्हाही तोंडात 'हो' आलं होतं. "बहुतेक नाही," मी म्हणालो.

"पुढल्या थंडीला त्या कुटं उतरतील?"

"माहीत नाही."

"मग ह्यो कागूद तुला पायजे," ती म्हणाली, अंगठा पदराला पुसत, शाई लागलेली नसताना. "मला न्हाई." ती काठीवर जोर देऊन उठली. मेंढरं रेघांच्या पलीकडं गेली होती, त्यांना वळवायला लागली.

मी तिथंच बसून माझ्या दोन शब्दांखाली सही केली. तिच्या नावापुढची जागा कोरी ठेवली. कर्जतला येऊन रजिस्टर पोस्टानं कागद पाठवला आणि पावती स्टेलाच्या हातात दिली.

तिनं पावती वाचली. "मावशीनं अंगठा लावला?"

"नाही."

"बरं केलं तिनं," स्टेला म्हणाली, आणि कॉम्प्युटरकडं वळली.